विहिरीचे पाणी, गाईचे शेण आणि घराची किंमत

आपल्या या सदरात आजवर कोलेस्टेरॉल, मधुमेह, ४०१-के, मुलांच्या कॉलेजची तरतूद असे विषय येऊन गेले. या वेळचा विषय आहे शेण. संपादकांना फोनवर हे सांगितले तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली. पण गेल्या चार-पाच वर्षांत आपल्या मंडळातली बरीच कुटुंबे बे एरिया सोडून ट्रेसी, मोडेस्टो, मर्सेड, तर काही थेट व्हायसेलियापर्यंत राहायला गेली आहेत. २०२० नंतर अनेकांना घरून काम करण्याची मुभा मिळाली. सॅन होजेत ज्या पैशात एखादा काँडो येतो, त्याच पैशात सेंट्रल व्हॅलीत चार खोल्यांचे घर, एक-दोन एकर जमीन आणि दारात संत्र्याचे झाड मिळते. मात्र यांतल्या काही घरांना गावाचे नळाचे पाणी नसते. स्वतःची बोअर असते, आणि त्या बोअरपासून मैल-दोन मैलांवर हजार-दोन हजार गाईंचा गोठा असतो. आरोग्य आणि पैसा या दोन्ही खात्यांत एकदम बसेल असा विषय शोधायला मला लांब जावे लागले नाही.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, शिक्षण इंजिनिअरिंगचे. डॉक्टर नाही आणि शेतकरीही नाही. पण हा प्रश्न मुळात जमाखर्चाचा आहे, आणि आत काय गेले, बाहेर काय आले, मधले कुठे गळाले हे तपासणे हेच आमचे रोजचे काम.

आधी गोठा समजून घेऊ. दुधात कॅलिफोर्नियाने १९९३ साली विस्कॉन्सिनला मागे टाकले आणि तेव्हापासून पहिला नंबर सोडलेला नाही. त्यातही तुलेरी काउंटी आघाडीवर. इथली दुभती होल्स्टीन गाय दिवसाला ६५ ते ७० किलो शेण-मूत टाकते. आपल्या गावाकडच्या शेतकऱ्याकडे दोन-चार जनावरे, मागे उकिरडा, आणि पावसाळ्याआधी शेणखताच्या गाड्या शेतात. शेण ही तिथे संपत्ती असते, ते कुणाला पुरत नाही. इथे एकाच जागी हजार गाई. इतके शेण फावड्याने उचलणार कोण? म्हणून गोठ्याच्या उतरत्या फरशीवर दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा लोंढा सोडतात. धार काढण्याच्या जागेचे, यंत्रे धुतलेले पाणीही त्यातच येते. हे सगळे चाळणीवरून जाते. वर राहिलेला चोथा वाळवून गाईंच्या बिछान्याला किंवा खताला वापरतात. खालचे शेणपाणी मोठ्या तळ्यात साठते. तळ्यातले पाणी पुन्हा गोठा धुवायला येते आणि पिकांच्या हंगामात आजूबाजूच्या शेतांना दिले जाते. उन्हाळ्यात मका, हिवाळ्यात गहू-ओट, दोन्हींचा मुरघास करून पुन्हा त्याच गाईंना. कागदावर हे चक्र इतके सुबक दिसते की दोष काढायला जागा वाटत नाही.

दोष निघतो तो आकडे घातल्यावर. एका दुभत्या गाईच्या शेण-मुतातून दिवसाला साधारण ४५० ग्रॅम नत्र बाहेर पडते. वर्षाचे झाले १६४ किलो. हजार गाईंचे १ लाख ६४ हजार किलो. यातला समजा एक तृतीयांश अमोनिया होऊन हवेत गेला (तोही कुठे गायब होत नाही, हिवाळ्यात व्हॅलीत जे दाट धुरकट पसरते त्यातल्या बारीक कणांत अमोनियम नायट्रेटचा मोठा वाटा असतो), तरी सुमारे १ लाख १० हजार किलो जमिनीवर यायचे राहिले. मका आणि हिवाळी चारा अशी दोन पिके मिळून एका एकरातून वर्षाला ढोबळमानाने १८० किलो नत्र उचलतात. म्हणजे हजार गाईंमागे सहाशे एकर जमीन हवी. प्रत्यक्षात पीक जेवढे उचलते त्यापेक्षा थोडे जास्त द्यावेच लागते, कारण शंभर टक्के कार्यक्षमता कुठल्याच यंत्रात नसते, जमिनीतही नाही. सेंट्रल व्हॅलीच्या प्रादेशिक जलगुणवत्ता मंडळाने २००७ साली डेअऱ्यांसाठी जो आदेश काढला, त्यात पिकाने उचललेल्या नत्राच्या १.४ पटीपर्यंत देण्याची मुभा आहे. ते धरले तरी साडेचारशे एकरांच्या आसपास जमीन लागते.

आता वरचे ते ०.४ कुठे जाते? जमिनीतले जिवाणू शेणपाण्यातल्या अमोनियमचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनियमवर धन भार असतो, त्यामुळे ते मातीच्या कणांना चिकटून राहते. नायट्रेटवर ऋण भार, म्हणून माती त्याला धरत नाही. पाणी खाली निघाले की तेही बरोबर निघते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची कायदेशीर मर्यादा आहे लिटरला १० मिलिग्रॅम, नत्राच्या हिशेबात. एका एकरावर एक फूट पाणी खाली मुरले असे धरा. ते झाले सुमारे १२ लाख ३० हजार लिटर. त्याला या मर्यादेपर्यंत न्यायला किती नत्र लागेल? फक्त १२ किलो. पिकाने उचललेले १८० किलो, आणि पाणी बिघडवायला १२ किलो पुरे. एका गाईचे सत्तावीस दिवसांचे शेण-मूत! हा गुणाकार मी तीनदा करून पाहिला, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. एखादा शेतकरी नव्वद टक्के चोख असला तरीही खालचे पाणी मर्यादेबाहेर जाऊ शकते. त्यामुळे ‘डेअरीवाले बेफिकीर आहेत’ असे म्हणून हा विषय मिटत नाही.

आणि एकट्या डेअऱ्यांवर खापर फोडणेही बरोबर नाही. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१२ साली तुलेरी खोरे आणि सॅलिनास व्हॅली यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भूजलात उतरणाऱ्या नायट्रेटपैकी ९६ टक्के पिकांच्या शेतजमिनीतून येते असे आढळले. यात रासायनिक खत आले आणि शेतात सोडलेले शेणखतही आले. आपल्याला भीती वाटते ती तळ्याची, कारण ते दिसते आणि त्याचा वास येतो. पण या भागात सर्वांत जास्त नायट्रेट उतरते ते हिरव्यागार, देखण्या मक्याच्या शेतातून. या दोन भागांत मिळून सुमारे २ लाख ५४ हजार लोकांच्या पिण्याच्या पाण्याला नायट्रेटचा धोका आहे, असा त्या अहवालाचा अंदाज होता.

तळी अगदी निर्दोष असतात असेही नव्हे. १९९५ साली नॉर्थ कॅरोलायनात ऑन्स्लो काउंटीत डुकरांच्या फार्मवरच्या तळ्याचा बांध फुटला आणि सुमारे अडीच कोटी गॅलन घाण न्यू रिव्हर नदीत गेली. ती बातमी देशभर झाली. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा व्हॅलीत मात्र काहीच फुटले नव्हते. तिथे तळी नुसती पाझरत होती आणि शेतात गरजेपेक्षा जास्त शेणपाणी जात होते. आसपासच्या घरांच्या विहिरी बिघडल्या, लोक कोर्टात गेले. जानेवारी २०१५ मध्ये न्यायाधीश थॉमस राइस यांनी ‘काऊ पॅलेस’ या डेअरीच्या खटल्यात निकाल दिला की असे जादा टाकलेले आणि तळ्यातून झिरपणारे शेण हे खत राहत नाही, तो घनकचरा ठरतो आणि त्याला कचऱ्याचा केंद्रीय कायदा लागू होतो. पुढे झालेल्या तडजोडीत तळ्यांना दुहेरी अस्तर घालणे आणि शेजाऱ्यांना पिण्याचे चांगले पाणी पुरवणे डेअऱ्यांनी मान्य केले.

आता आपल्या घरातली गोष्ट. आपण सगळे ‘पाणी उकळून प्या’ या एका वाक्यावर वाढलो आहोत. साथ आली, पूर आला, बाळ झाले की पहिली आज्ञा हीच. जंतूंच्या बाबतीत ती शंभर टक्के बरोबर आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचे जेमतेम पाच हजार वस्तीचे गाव आहे. मे २००० मध्ये तिथे जोराचा पाऊस झाला आणि जवळच्या शेतातल्या गुरांच्या खतातून ई-कोलाय जंतू गावाच्या एका उथळ विहिरीत उतरले. क्लोरीन नीट घातले जात नव्हते आणि नोंदवहीत खोटे आकडे लिहिले जात होते. सुमारे २,३०० लोक आजारी पडले, सात जण दगावले. चौकशीत त्या शेतकऱ्याला दोष दिला गेला नाही. त्याने रीतीप्रमाणेच खत टाकले होते. अशा वेळी पाच मिनिटे खळखळ उकळलेले पाणी जीव वाचवते.

नायट्रेटचे गणित नेमके उलटे आहे. नायट्रेट उडून जात नाही, पाणी उडते. पातेल्यातले एक तृतीयांश पाणी आटले तर १० चे १५ होतात. म्हणजे बाळासाठी आजी जितक्या मायेने पाणी आटवेल तितके ते वाईट. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. भांड्याला पांढरे पुट चढते ते क्षारांचे, त्याचा नायट्रेटशी संबंध नाही. घरात अगदी स्वच्छ, गार, गोड पाणी असू शकते आणि त्यात नायट्रेट मर्यादेच्या तिप्पट असू शकते.

धोका सर्वांत जास्त सहा महिन्यांच्या आतल्या, डब्याच्या दुधावरच्या बाळाला. त्याच्या पोटात आम्ल कमी असते, त्यामुळे तिथे जिवाणू वाढून नायट्रेटचे नायट्राइट करतात. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनचे असे रूप करते की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. ओठ, नखे निळसर-राखाडी दिसू लागतात. आयोवातले डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी १९४५ साली विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध प्रथम मांडला. अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपाय करत बसू नये, तडक ९११ ला फोन करावा. वेळेवर गेल्यास त्यावर औषध आहे. अंगावरच्या दुधातून मात्र बाळाला नायट्रेट विशेष जात नाही. मोठ्यांच्या बाबतीत चित्र इतके स्पष्ट नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली, शरीरात नायट्रोसो संयुगे बनतील अशा परिस्थितीत पोटात जाणारे नायट्रेट ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे. गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे पाणी पिऊ नये. अंघोळ, भांडी, कपडे यांना अडचण नाही, कातडीतून नायट्रेट शिरत नाही. स्वयंपाकाला अडचण आहे. आपला भात-वरण पाणी पिऊनच शिजतो, हे इथल्या इंग्रजी माहितीपत्रकांत कुणी लिहीत नाही.

गावाचे नळाचे पाणी असेल तर दर वर्षी १ जुलैपर्यंत पाणीपुरवठा करणाऱ्याने गुणवत्ता अहवाल द्यायचा असतो. तो जाहिरातींबरोबर केरात टाकू नका. पण पिण्याच्या पाण्याचा १९७४ चा केंद्रीय कायदा निदान पंधरा जोडण्या किंवा पंचवीस माणसे असलेल्या पुरवठ्यालाच लागू होतो. घरची बोअर त्यात येत नाही. तिच्यावर लक्ष ठेवणारा सरकारी माणूस कुणीही नाही, मालकच निरीक्षक. न्यू जर्सीत २००२ पासून घर विकताना बोअरच्या पाण्याची तपासणी सक्तीची आहे आणि त्यात नायट्रेट येते. कॅलिफोर्नियात राज्यभर अशी सक्ती नाही. विकणाऱ्याने त्याला माहीत असलेले दोष सांगायचे असतात, पण ज्याने कधी तपासणीच केली नाही त्याला माहीत असणार काय?

आम्ही व्हायसेलियाजवळचे एक घर पाहिले तेव्हा पाण्याचा विषय काढल्यावर विक्रेत्याचा दलाल हसून म्हणाला, “सगळे शेजारी हेच पाणी पितात.” नमुना आम्हीच प्रयोगशाळेत दिला. आकडा आला १७. बायकोला तेव्हा सहावा महिना होता. आम्ही घर सोडले नाही, पण अहवाल समोर ठेवून किंमत उतरवून घेतली. तपासणीची अट करारात लिहिलेली होती म्हणूनच ते जमले. तोंडी बोलण्याला घराच्या व्यवहारात किंमत नसते. सिंकखाली आरओ बसवला, त्यानंतरचा आकडा २.४.

अहवाल वाचताना एकक पाहा, ही या लेखातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची सूचना. ‘नत्र म्हणून’ मोजले तर मर्यादा १०. ‘नायट्रेट म्हणून’ मोजले तर तीच मर्यादा ४५. दोन्हींत पाणी एकच, फक्त मोजायची पट्टी वेगळी. भारतीय मानकात ४५ हाच आकडा आहे, त्यामुळे पुण्याहून आलेल्या वडिलांना इथल्या अहवालातला ३० हा आकडा ठीक वाटेल. तो नत्राच्या हिशेबात असेल तर तिप्पट आहे. एककांच्या घोळापायी १९९९ साली नासाचे मंगळयान गेले होते, आमच्या धंद्यात ते उदाहरण नवशिक्यांना पहिल्या आठवड्यात सांगतात.

उपायांचे बघायचे तर कोळशाचा जग, मेणबत्तीचा फिल्टर, यूव्हीचे यंत्र आणि मिठाचा वॉटर सॉफ्टनर यांपैकी कशानेही नायट्रेट जात नाही. आरओने, ऊर्ध्वपातनाने आणि नायट्रेटसाठीच्या खास आयन-एक्स्चेंज यंत्राने जाते. सिंकखालचा आरओ दोनशे ते पाचशे डॉलरांत मिळतो. नायट्रेटसाठी एनएसएफ ५८ प्रमाणपत्र आहे का ते पाहून घ्या. तो साधारण ८५ टक्के नायट्रेट काढतो असे धरा. १७ चे अडीच होतील, पण ८० असतील तर मागे १२ उरतील, म्हणजे पुन्हा मर्यादेबाहेर. म्हणून बसवल्यावर पुन्हा तपासणी करा, आणि पडदे जुने झाले की तेही बदला. ‘खोल बोअर मारू’ हा दुसरा विचार मनात येतो. खोल पाण्यात नायट्रेट सहसा कमी असते खरे, पण व्हॅलीत खोलीवर अर्सेनिक भेटू शकते, आणि खर्च दहा-दहा हजारांच्या पटीत.

पैसे वाचवणारी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नाही. सेंट्रल व्हॅलीच्या नायट्रेट नियंत्रण कार्यक्रमाखाली मे २०२१ पासून चाउचिला, कविया, किंग्ज, मोडेस्टो, टूली आणि टर्लॉक या सहा भागांत घरगुती विहिरींची तपासणी फुकट करून मिळू लागली, आणि आकडा १० च्या वर गेल्यास पिण्याचे पाणीही फुकट. इतर भाग नंतर टप्प्याटप्प्याने यात येऊ लागले. खर्च सरकारचा नाही. ज्यांच्या शेतांतून आणि डेअऱ्यांतून नायट्रेट उतरते त्यांनी वर्गणी काढून तो करायचा आहे. घर भाड्याचे असले तरी विचारा. ही भीक नव्हे, ज्याने बिघडवले त्याने भरायचे, एवढाच हिशेब आहे.

‘मग या गोठ्यांनी गोबरगॅस का करू नये?’ हा प्रश्न मला मंडळाच्या कोजागिरीला हमखास विचारला जातो. करतात, आणि मोठ्या प्रमाणावर. राज्याने २०१६ च्या कायद्याने २०३० पर्यंत मिथेन २०१३ च्या तुलनेत ४० टक्के खाली आणायचे ठरवले आहे. त्यासाठी डेअऱ्यांना अनुदान मिळते, तळ्यावर आच्छादन घालून गॅस पाइपात सोडला जातो आणि त्यावर कार्बनच्या क्रेडिटचे पैसेही मिळतात. हवेसाठी हे चांगलेच आहे. पण आपल्या गावच्या गोबरगॅसमधून निघालेल्या रबडीला खत म्हणून इतका मान का असतो? कारण गॅसबरोबर कार्बन निघून जातो, नत्र रबडीतच राहते, आणि तेही पिकाला पटकन लागू होईल अशा रूपात. म्हणजे गॅस काढल्यावरही वरचे १ लाख १० हजार किलो तिथेच आहेत. त्यांना एकर लागणारच. अशा प्रकल्पांत गुंतवणुकीच्या जाहिराती आल्या तर ‘भूजल स्वच्छ होते’ असे वाक्य कुठे दिसते का ते पाहा, आणि दिसले तर त्यांना नत्राचा हिशेब विचारा.

शेतातून आज खाली निघालेले नायट्रेट विहिरीत पोचायला वर्षे, कधी दशके लागतात. आज आपण पितो ते जुन्या मालकांच्या काळातले, आणि सध्याच्या नियमांचा फायदा होईल तो आपली मुले कॉलेजात गेल्यावर. तोवर वर्षातून एकदा, आणि घरात बाळ येणार असेल तर दोनदा तपासणी करावी. पाऊस झाल्यानंतरचा एक आकडा आणि उन्हाळ्याअखेरचा एक, असे दोन हाताशी असले तर बरे. राज्याची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तीस-चाळीस डॉलरांच्या आसपास काम होते. बाटली त्यांच्याकडूनच आणावी. आरओ बसवला असेल तर एक नमुना त्याच्या नळाचा आणि एक बोअरचा थेट घ्यावा, आणि बाटल्यांवर लगेच नावे घालावीत. नमुना बर्फात ठेवून ४८ तासांच्या आत तपासणी व्हायला हवी, म्हणून सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी न्यावा. शुक्रवारी दुपारी बरेच ठिकाणी घेत नाहीत.